डिजिटल फॉरेन्सिकचं काम: फाईल सापडल्यानंतर सुरू होणारं

प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणकाची पदवी हातात आहे, प्रोग्रॅमिंग जमतं, पण जन्मभर ॲप बनवत बसायचं नाही. संगणक गुन्ह्यांचा तपास करणारा डिजिटल फॉरेन्सिक विश्लेषक व्हायचं आहे. हे काम प्रत्यक्षात कसं असतं आणि त्यासाठी आतापासून काय शिकावं?

मी आधी सरकारी प्रयोगशाळेत होते, आता खासगी कामं घेते. दोन्हीकडे मिळून जे पाहिलं त्यावरून सांगते.

या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, असं विचारलंत तर मी म्हणेन, एकेका वाक्यात. ‘आरोपीने रात्री साडेनऊला गोपनीय फाईल पेनड्राइव्हवर कॉपी केली’ हे वाक्य तपास अधिकाऱ्याला हवं असतं, वकिलाला हवं असतं, कंपनीच्या मालकाला तर फारच हवं असतं. संगणक मात्र असं काही सांगत नाही. तो फार तर इतकंच सांगतो की अमुक खात्यातून लॉगिन असताना, या यंत्राच्या घड्याळाप्रमाणे या वेळी, अमुक सिरियल नंबरचं यूएसबी उपकरण जोडलं गेलं आणि त्यावरची अमुक नावाची फाईल उघडली गेली. या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते किती आणि कशाने भरता येतं, आणि कुठे थांबावं लागतं, हे ठरवणं म्हणजे आमचा व्यवसाय. डिलीट झालेली फाईल परत मिळवणं हे सॉफ्टवेअर करतं. ती तिथे कशी आली, कोणी आणली आणि हे किती खात्रीने म्हणता येईल, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एक डिझायनर नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. जुन्या कंपनीचं म्हणणं, जाताना आमची ड्रॉइंग्ज घेऊन गेला. त्याचा लॅपटॉप तपासायला आला.

पहिली गोष्ट, तो चालू करायचा नाही. विंडोज नुसतं सुरू झालं तरी शेकडो फाइली बदलतात, लॉगमध्ये नव्या नोंदी पडतात, जुन्या नोंदी बाहेर ढकलल्या जातात. बंद लॅपटॉपची डिस्क काढून राइट ब्लॉकरमधून जोडायची, म्हणजे वाचता येतं पण लिहिलं जात नाही. मग पूर्ण डिस्कची बिट-दर-बिट इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल घ्यायची, मूळ डिस्क आणि इमेज दोन्हींचा हॅश (सगळ्या डेटावरून गणिताने काढलेला छोटा ठसा, डेटा जरा बदलला की तोही बदलतो) जुळवायचा, आणि त्यानंतरचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर करायचं. मुद्देमाल कोणाकडून कोणाकडे, कधी, कुठल्या सीलमध्ये गेला याची नोंद सलग हवी. यात एक दिवसाची जरी फट राहिली तरी पुढचं सगळं विश्लेषण वाया जाऊ शकतं. कंपन्यांच्या प्रकरणांत बहुतेक वेळा आयटी विभागाने लॅपटॉप आधीच चालू करून ‘जरा बघून’ घेतलेला असतो. ते बदलता येत नाही. फक्त कोणी, कधी, काय पाहिलं ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि त्या काळातल्या नोंदी वेगळ्या काढायच्या.

हॅशबद्दल एक आडवळण. एमडी५ या पद्धतीत २००४ साली टक्कर दाखवली गेली, एसएचए-१ मध्ये २०१७ साली. म्हणजे मुद्दाम ठरवून दोन वेगळ्या फाइली अशा बनवता आल्या की त्यांचा हॅश एकच येतो. उलटतपासणीत हा मुद्दा हमखास निघतो. त्याचं सरळ उत्तर असं की टक्कर म्हणजे दोन्ही फाइली आपल्या हाताने घडवणं. आधीच जप्त झालेल्या डिस्कच्या हॅशशी जुळेल अशी दुसरी डिस्क बनवणं ही वेगळी आणि कितीतरी अवघड गोष्ट आहे, ती एमडी५ बाबतही कोणी प्रत्यक्षात करून दाखवलेली नाही. तरी मी एसएचए-२५६ वापरते. वाद जिंकण्यापेक्षा तो न झालेला बरा.

आता विश्लेषण. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची नोंद असते: मेक, सिरियल नंबर, पहिल्यांदा आणि शेवटचं कधी जोडलं. शेलबॅग नावाच्या नोंदींत वापरकर्त्याने एक्सप्लोररमध्ये कोणकोणते फोल्डर उघडले ते राहतं, आता हातात नसलेल्या पेनड्राइव्हवरचे फोल्डरसुद्धा. एखादी फाईल उघडली की विंडोज तिची शॉर्टकट फाईल बनवतं. तिच्यात मूळ फाइलीचा पूर्ण मार्ग, तिच्या वेळा आणि ज्या व्हॉल्यूमवर (ड्राइव्हच्या भागावर) ती होती त्याचा सिरियल नंबर असतो. या तीन नोंदी एकमेकींशी जुळल्या की चित्र उभं राहू लागतं.

पण नवख्यांना ज्याचं आश्चर्य वाटतं ते असं, की ‘फाईल कॉपी झाली’ अशी सरळ नोंद विंडोज सहसा ठेवतच नाही. कॉपी अनुमानाने काढावी लागते. पेनड्राइव्ह हाती लागला तर काम सोपं होतं. कॉपी केलेल्या फाइलीची निर्मितीची वेळ नवी पडते, बदलाची वेळ मात्र जुनीच राहते. त्यामुळे ‘जन्माआधीच बदललेली’ फाईल दिसली की ती दुसरीकडून कॉपी होऊन आली असावी असा अंदाज बांधता येतो. अशा दोनशे फाइली काही सेकंदांच्या अंतराने ओळीने जन्मलेल्या दिसल्या तर कोणीतरी अख्खं फोल्डर ओढून टाकलं, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पेनड्राइव्ह मिळालाच नाही, तर? मग एवढंच लिहायचं: हे उपकरण जोडलं गेलं, त्यावर या नावाचं फोल्डर पाहिलं गेलं, त्यातल्या या दोन फाइली उघडल्या गेल्या. दोनशे ड्रॉइंग्ज नेली असं लिहिता येत नाही. मालक चिडतो, पैसे कशाचे घेतले म्हणतो. चिडू द्यावं. रिपोर्टात जास्तीचं लिहिलेलं एक वाक्य समोरच्या वकिलाच्या हाती लागलं की बाकीची खरी वाक्यंही तो त्याच्याबरोबर बुडवतो.

वेळेचा विषय स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण या क्षेत्रातल्या चुका सर्वाधिक तिथेच होतात. एनटीएफएस ही विंडोजची फाईल सिस्टीम वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवते, १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांच्या टप्प्यांनी मोजून. पेनड्राइव्हवर नेहमी आढळणारी जुनी फॅट सिस्टीम स्थानिक वेळ ठेवते आणि बदलाची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच लिहू शकते. युनिक्सची मोजणी १९७० पासून, क्रोम ब्राउझरच्या इतिहासाची पुन्हा १६०१ पासून पण मायक्रोसेकंदांत, ॲपलच्या बऱ्याच नोंदींची २००१ पासून. १९७० आणि २००१ यांची गल्लत झाली तर ३१ वर्षांची चूक लगेच डोळ्यात भरते. टाइमझोनची गल्लत झाली तर चूक काही तासांची असते आणि ती डोळ्यात भरत नाही. पण तेवढ्यात माणूस ऑफिसात होता की घरी झोपला होता हे बदलतं.

शिवाय यंत्राचं घड्याळच बरोबर होतं का, हा प्रश्न उरतो. विंडोजच्या सुरक्षा लॉगमध्ये वेळ बदलल्याची नोंद ४६१६ क्रमांकाने पडते, ती पाहायची. पण लॉग पुसलेला असू शकतो. पुसला तर त्याचीही नोंद पडते, क्रमांक ११०२. म्हणून बाहेरचा साक्षीदार शोधायचा. त्या यंत्रावरून गेलेल्या ईमेलवर मेल सर्व्हरने मारलेली वेळ आणि यंत्रावरची वेळ यांत फरक किती, हे दोनचार ठिकाणी तपासलं की घड्याळावर किती विश्वास ठेवावा ते कळतं. फाइलींच्या वेळा मुद्दाम बदलणारेही असतात. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलीसाठी वेळांचे दोन संच असतात. नेहमीच्या साधनांनी बदलतो तो पहिला संच, दुसरा सहसा प्रणाली स्वतः लिहिते. दोन्हींत विसंगती दिसली तर शंका घ्यायची. शंकाच, निष्कर्ष नव्हे. कारण फाईल नुसती हलवली किंवा तिचं नाव बदललं तरी दुसऱ्या संचातल्या वेळा बदलू शकतात.

आणि ‘फाईल शेवटची कधी उघडली’ ही वेळ पाहून कोणी छाती ठोकून बोलू लागला तर सावध व्हा. विंडोज व्हिस्टापासून ती वेळ अद्ययावत करणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलेलं होतं, नंतरच्या आवृत्त्यांत ते कधी चालू तर कधी बंद असतं. चालू असलं तरी अँटिव्हायरसने फाईल चाळली की तीही बदलू शकते.

इथपर्यंत यंत्राचं झालं. आता खुर्चीत बसलेल्या माणसाचं.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं एक प्रकरण या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. २००४ मध्ये एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून आलेल्या बाईंच्या वर्गातल्या संगणकावर मुलांसमोर अश्लील चित्रांच्या खिडक्या एकामागून एक उघडू लागल्या. यंत्रावर जुनं विंडोज ९८ होतं. बाईंनी मुद्दाम त्या साइट उघडल्या असं सरकारी पक्षाने मांडलं आणि २००७ च्या जानेवारीत ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. पोलिसांच्या बाजूने तपासणी करणाऱ्याने त्या संगणकात स्पायवेअर आहे का हे तपासलंच नव्हतं. नंतर स्वतंत्र तज्ज्ञांनी डिस्क पाहिली, पॉपअप आपोआप उघडत असल्याचं दाखवलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून नव्याने खटला चालवायला सांगितलं. नवा खटला झाला नाही. पुढच्या वर्षी एक किरकोळ आरोप मान्य करून त्यांनी प्रकरण मिटवलं, आणि त्यात त्यांचा अध्यापनाचा परवाना गेला. ब्राउझरच्या इतिहासात पत्ता होता हे खरंच होतं. तो कोणी टाइप केला, हा प्रश्न विचारला गेला नाही.

याच्या उलट बाजूचं प्रकरण इंग्लंडमधलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदराच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला, माग एका इंग्रज तरुणाच्या संगणकापर्यंत गेला. त्याचा बचाव असा की कोणीतरी माझ्या यंत्रात ट्रोजन (वेष पालटून शिरणारं घातक सॉफ्टवेअर) घालून हे केलं. ट्रोजनचा मागमूस डिस्कवर मिळाला नाही. त्याचं म्हणणं, तो स्वतःला पुसून गेला. २००३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. खरं काय ते त्याचं त्याला माहीत. माझ्या दृष्टीने दोन्ही प्रकरणांतून कामाची एकच रीत निघते. मालवेअरचा, म्हणजे अशा घातक सॉफ्टवेअरचा प्रश्न कोणी विचारायच्या आत आपण विचारायचा, शोधायचा, काहीच मिळालं नाही तरी ‘शोधलं, या साधनांनी, या ठिकाणी, मिळालं नाही’ असं रिपोर्टात लिहायचं. आणि शक्य तिथे माणसाच्या इतर खुणा शोधायच्या. ती कृती घडली त्याच पाच मिनिटांत त्याच खात्यातून बँकेत लॉगिन, घरच्यांना ईमेल, स्वतःच्या नावाने भरलेला एखादा फॉर्म असं काही असेल, तर ट्रोजनचा बचाव बराच लंगडा पडतो.

लोकांना आवडणारी गोष्ट मात्र फ्लॉपीची असते. अमेरिकेतल्या विचिता शहरात अनेक वर्षं न सापडलेल्या ‘बीटीके’ या खुन्याने २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी केंद्राला फ्लॉपी पाठवली. तिच्यावरच्या डिलीट केलेल्या वर्ड फाइलीच्या मेटाडेटात (फाइलीबद्दल आत साठणाऱ्या नोंदींत) एका चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे नाव मिळालं. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता डेनिस रेडर. गोष्ट सहसा इथे संपवतात. पण पोलीस तिथून थेट बेड्या घेऊन गेले नाहीत. त्यांनी त्याच्या मुलीच्या वैद्यकीय नमुन्यातला डीएनए मिळवला, तो गुन्ह्याच्या ठिकाणी मिळालेल्या डीएनएशी नात्याने जुळला, मग अटक झाली. मेटाडेटाने दार दाखवलं. दारामागे तोच आहे हे दुसऱ्या पुराव्याने ठरवलं. माझ्या अनुभवात चांगल्या तपासाचा आकार बहुतेक वेळा असाच असतो, आणि आपलं काम पहिल्या अर्ध्यापुरतं आहे हे मान्य करायला काही विश्लेषकांना जड जातं.

साधनांबद्दल. एनकेस, एक्स-वेज, ऑटोप्सी, मोबाईलसाठी सेलेब्राइट, मेमरीसाठी व्होलॅटिलिटी ही नावं कानावर येतील. कुठलंही शिका, पण त्याने दिलेल्या आकड्यावर सही करायच्या आधी तो आकडा कुठून आला ते पाहा. २०११ मध्ये फ्लोरिडात केसी अँथनी हा खुनाचा खटला चालला. घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मची माहिती देणारं पान ८४ वेळा पाहिलं गेलं, असं न्यायालयात सांगितलं गेलं. आकडा एका सॉफ्टवेअरने फायरफॉक्सच्या जुन्या, किचकट स्वरूपातल्या इतिहासाच्या फाइलीतून काढला होता. दुसऱ्या साधनाचा निकाल वेगळा होता. पुढे ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच सांगितलं की भेट एकदाच दिसते; ८४ हा आकडा दुसऱ्याच साइटचा होता. म्हणून महत्त्वाचा प्रत्येक मुद्दा मी दुसऱ्या साधनाने तपासते, आणि ज्यावर माणसाची सुटका किंवा शिक्षा अवलंबून आहे तो हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, स्वतः उघडून पाहते. उलटतपासणीत ‘हे तुम्ही पाहिलंत की सॉफ्टवेअरने सांगितलं?’ असं विचारलं जातं. तिथे ‘पाहिलं’ म्हणता आलं पाहिजे.

तपासणाऱ्याचा स्वतःचा कल हाही एक विषय आहे, त्यावर आमच्याकडे पुरेसं बोललं जात नाही. २०२१ मध्ये नीना सुंदे आणि इटिएल ड्रॉर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५३ डिजिटल फॉरेन्सिक तपासनीसांना एकच पुराव्याची फाईल दिली, पण प्रकरणाची पार्श्वभूमी वेगवेगळी सांगितली. कोणाला संशयित दोषी वाटावा अशी, कोणाला निर्दोष वाटावा अशी. पार्श्वभूमीप्रमाणे सापडलेल्या खुणांची संख्या बदलली, आणि एकच पार्श्वभूमी मिळालेल्यांचंही आपापसांत फारसं जमलं नाही. म्हणून तपास अधिकारी ‘हाच आहे मॅडम, फक्त पुरावा काढा’ म्हणत येतो तेव्हा मी त्याच्याकडून प्रश्न लेखी मागते: कुठल्या कालावधीत, कुठल्या स्वरूपाची माहिती शोधायची. बाकी कहाणी नंतर ऐकते.

आता थोडं वाईट बातमीकडे. डिलीट केलेलं परत मिळवण्याची जी ख्याती आहे ती बरीचशी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातली. एसएसडीमध्ये, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या ड्राइव्हमध्ये, फाईल डिलीट झाली की ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि ड्राइव्हचा कंट्रोलर सवडीने ते रकाने साफ करतो. वीज मिळाली की तो आतल्या आत हे करू शकतो. राइट ब्लॉकर बाहेरच्या आज्ञा अडवतो, कंट्रोलरला नाही. त्यात डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने किंवा ॲपलच्या फाईलव्हॉल्टने कूटबद्ध असली आणि किल्ली नसली तर इमेज अगदी नियमाने घेऊनही हातात अर्थहीन बाइटच येतात.

म्हणून ‘बंद यंत्र चालू करू नये’ याला जोडून आता ‘चालू यंत्र घाईने बंद करू नये’ हेही शिकावं लागतं. चालू यंत्राच्या मेमरीत कूटबद्धीकरणाची किल्ली असते, चालू प्रक्रिया असतात, नेटवर्कची जोडणी असते, आणि डिस्कला कधीच न शिवणारं मालवेअरही असू शकतं. आधी सगळ्यात क्षणभंगुर ते घ्यायचं, मग टिकाऊ, असा क्रम इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतल्या २००२ च्या आरएफसी ३२२७ मध्ये लिहून ठेवला आहे, तो आजही चालतो. सिल्क रोड या ऑनलाइन काळ्या बाजाराच्या प्रकरणात २०१३ मध्ये तो चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयात पकडलं तेव्हा अधिकाऱ्यांनी मुद्दाम भांडणाचा बनाव करून त्याचं लक्ष विचलित केलं आणि उघडा, लॉगिन असलेला लॅपटॉप हातातून ओढून घेतला. झाकण मिटलं असतं तर खटल्याचा बराच भाग त्या झाकणाखाली राहिला असता. मोबाईलचं तर आणखी नाजूक असतं. सुरू झाल्यावर एकदाही अनलॉक न झालेला फोन आणि एकदा अनलॉक होऊन पुन्हा लॉक झालेला फोन, यांतून मिळणाऱ्या माहितीत जमीन-अस्मानाचा फरक. आणि २०२४ पासून आयफोन काही दिवस अनलॉक झाला नाही तर स्वतःच रीस्टार्ट होतो, म्हणजे पहिल्या, बंदिस्त अवस्थेत परत जातो. जप्त केलेला फोन महिनाभर कपाटात पडून राहिला तरी चालतं, ही सवय आता महागात पडते.

नेटवर्कच्या पुराव्याबद्दल एकच सांगते, कारण तिथे निष्पाप माणूस अडकण्याचा धोका खरा आहे. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे हे सगळे म्हणतात, पण तो हल्ली एक ग्राहकही नसतो. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. त्यातला नेमका कोण हे ठरवायला सेकंदापर्यंत अचूक वेळ आणि सोर्स पोर्ट (त्या जोडणीचा ग्राहकाच्या बाजूचा क्रमांक) दोन्ही लागतात. सर्व्हरने पोर्टही नोंदवावा अशी शिफारस २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये आहे. कित्येक सर्व्हर अजून नोंदवत नाहीत. पोर्ट नसेल तर तसं लिहायचं आणि दुसरा रस्ता शोधायचा.

मनावर येणारा ताण. पोलीस प्रयोगशाळेत काम केलंत तर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं-चित्रफिती पाहाव्या लागतील, हे नेमणुकीआधी स्पष्ट समजून घ्या. ज्ञात चित्रांचे हॅश जुळवून, आणि २००९ मध्ये आलेल्या फोटोडीएनएसारख्या तंत्राने किंचित बदललेली चित्रंही ओळखून, पाहण्याचा भार कमी होतो. पण नवीन सामग्रीचं वर्गीकरण शेवटी माणूसच करतो. आवाज बंद ठेवणं, चित्र छोटं आणि कृष्णधवल करणं, दिवसाच्या अखेरीला हे काम न ठेवणं, ठरावीक काळाने दुसऱ्या कामावर बदली, समुपदेशन, यांतलं काय काय आहे हे मुलाखतीत विचारा. ‘इथे सगळ्यांना सवय होते’ असं उत्तर मिळालं तर ती जागा घेऊ नका. हे मत मी कोणाच्याही भिडेने सौम्य करणार नाही. ते नको असेल तर कंपन्यांवरच्या हल्ल्यांचा तपास, आर्थिक घोटाळे, दिवाणी दाव्यांतली कागदपत्रं असं भरपूर काम आहे. रॅन्समवेअरच्या कामात झोपेची वाट लागते, एवढं सोडलं तर मन शाबूत राहतं.

शिकायचं काय? पाच-पन्नास साधनांची ओळख नको, एक फाईल सिस्टीम हाताने शिका. छोटी फॅट इमेज बनवा, तिच्यात एक फाईल ठेवा, डिलीट करा आणि हेक्स एडिटरमध्ये उघडा. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हा बाइट आलेला दिसेल, बाकीची नोंद आणि मजकूर बहुधा जागच्या जागी असेल. ‘डिलीट’ म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं महिनाभराच्या व्हिडिओंनी कळत नाही. मग एनटीएफएस. मग एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस, कारण मोबाईल ॲप आणि ब्राउझर त्यांचं बहुतेक सगळं त्यात ठेवतात, आणि पुसलेल्या ओळी डेटाबेसच्या रिकाम्या पानांत किंवा सोबतच्या डब्ल्यूएएल या बदल आधी टिपून ठेवणाऱ्या फाइलीत उरलेल्या सापडतात. पायथन एवढं यावं की साधनाला न समजणारी नोंद तुम्ही स्वतः वाचू शकाल. प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला इथे खरा फायदा आहे.

प्रमाणपत्रांबद्दल माझं मत कोरडं आहे. जीसीएफई, जीसीएफए ही चांगली आहेत पण महाग. शक्यतो नोकरी देणाऱ्याच्या खर्चाने करा. बहुपर्यायी प्रश्नांवर मिळणारी बरीचशी प्रमाणपत्रं अर्ज पहिल्या चाळणीतून पार करतात, त्यापुढे काही करत नाहीत. एआयचंही तसंच थोडक्यात: लाखभर मेसेज चाळून सारांश देणारी साधनं आली आहेत, मी वापरते, कुठे बघायचं ते कळतं. रिपोर्टात सारांश जात नाही, मूळ मेसेज जातो.

सरावासाठी खऱ्या माणसांचा डेटा लागत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने सीएफआरईडीएस नावाचा सरावाच्या इमेजचा संग्रह मोफत ठेवला आहे. त्यात एका सोडून दिलेल्या लॅपटॉपचं ‘हॅकिंग केस’ हे जुनं, सोपं प्रकरण आहे. ‘डिजिटल कॉर्पोरा’वर २००९ मध्ये रचलेलं ‘एम५७’ हे एका काल्पनिक कंपनीचं मोठं प्रकरण आहे. ऑटोप्सी मोफत मिळतं. ‘हॅकिंग केस’पासून सुरुवात करा. आणि नुसती उत्तरं शोधून थांबू नका, चारपाच पानांचा रिपोर्ट लिहा: काय विचारलं होतं, काय तपासलं, काय दिसलं, त्याचे आणखी कोणते अर्थ निघू शकतात, ते का धरले किंवा सोडले. मग संगणकाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी तो वाचायला द्या आणि त्यातून त्यांना काय कळलं ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. तुम्ही लिहिलं त्यापेक्षा जास्त त्यांना कळलेलं असेल, तर कुठल्या वाक्याने ते कळलं ते शोधा आणि पुन्हा लिहा. नोकरीच्या अर्जासोबत असा एक रिपोर्ट जोडलेला असेल तर मी तो प्रमाणपत्रांच्या आधी वाचते.